जुन्या प्रश्नपत्रिकांमधली समीकरणं उघडत नाहीत. वर्ड, पॉवरपॉइंट, गूगल डॉक्स, सगळीकडे चालेल असं काय करू?

पर्वतीपायथा | ३ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

पर्वतीच्या पायथ्याशी राहते आणि गेली २१ वर्षं नववी-दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग घेते. पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या प्रश्नपत्रिका, सराव-संच, सोडवलेली उदाहरणं मी वर्डमध्ये जपून ठेवली आहेत. काल मोजल्या तर ४२२ फायली भरल्या. मजकूर मराठीत, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. समीकरणं वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये केलेली. डबल क्लिक केलं की छोटी वेगळी खिडकी उघडायची आणि त्यात अंश-छेदाचे, वर्गमुळाचे साचे असायचे, तोच तो.

जुना संगणक गेल्या महिन्यात बंद पडला, म्हणून नवा लॅपटॉप घेतला. फायली उघडतात, समीकरणं दिसतातही, पण एकाही समीकरणात बदल करता येत नाही. वर्गसमीकरणातला ५ चा ७ करायचा तरी सगळं नव्याने लिहावं लागतंय. काही ठिकाणी चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन येतो.

आता कामही बदललं आहे. पूर्वी कागद छापला की संपलं. आता तोच प्रश्न पडद्यावर दाखवायला पॉवरपॉइंटमध्ये लागतो, दोन सहकारी शिक्षिकांना गूगल ड्राइव्हवर लागतो, मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर लागतो. सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी तीच समीकरणं घेऊन इंग्रजी मजकुराची पत्रिकाही काढावी लागते. एकदा लिहिलेलं समीकरण सगळीकडे नेता येईल असा काही मार्ग आहे का? मला प्रोग्रॅमिंग येत नाही. वेळ मात्र आहे, सुट्टी १५ जूनपर्यंत.

हिंजवडीकर | ३ जून, रात्री ११:०२

ताई, आधी सगळ्या ४२२ फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. बाकीचं त्यानंतर.

काय झालंय ते सांगतो. तुम्ही वापरत होता तो इक्वेशन एडिटर ३.०. तो मुळात मायक्रोसॉफ्टने लिहिलेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या डिझाइन सायन्स या कंपनीच्या मॅथटाइप या सॉफ्टवेअरची ती छोटी आवृत्ती होती, ऑफिसबरोबर मिळायची. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यात सुरक्षेचं मोठं भगदाड असल्याचं जाहीर झालं. मुद्दाम बिघडवलेली फाईल नुसती उघडली तरी परक्याला तुमच्या संगणकावर हवं ते चालवता येत होतं. एक दुरुस्ती आली, लगेच दुसरं भगदाड सापडलं, आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो एडिटर ऑफिसमधून काढूनच टाकला. माझ्या मते ते योग्यच झालं. तेव्हाच सतरा वर्षं जुना झालेला प्रोग्रॅम होता तो.

म्हणून तुम्हाला समीकरण दिसतं, पण उघडत नाही. जे दिसतंय ते फाईलमध्ये साठवलेलं चित्र आहे. त्यामागचा मूळ मजकूर अजून आत आहे, फक्त तो उघडणारा प्रोग्रॅम गेला. रिकामे चौकोन दिसतात ते एमटी एक्स्ट्रा हा फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसल्यामुळे.

नव्या ऑफिसमध्ये मात्र जुन्या समीकरणावर डबल क्लिक केलं की ‘ऑफिस मॅथमध्ये रूपांतर करायचं का’ असं विचारतं. ऑफिस मॅथ म्हणजे वर्डचं स्वतःचं नवं समीकरण. हो म्हणा. सगळी समीकरणं एकदम बदलायचा पर्यायही तिथेच आहे. त्याआधी फाईल ‘सेव्ह अ‍ॅज’ करून डॉक ऐवजी डॉक्सएक्स करून घ्या, कारण नवी समीकरणं जुन्या डॉक फाईलमध्ये राहत नाहीत, त्यांची चित्रं होतात. पाच फायलींवर करून बघा आणि इथे सांगा.

पाषाण_रात्र | ४ जून, पहाटे १:३०

मी पाषाणला संशोधन करतो, प्रबंध लॅटेकमध्ये लिहितोय. माझं मत विचाराल तर नवीन लिखाण लॅटेकमध्येच करावं. डोनाल्ड कनुथ यांना १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघून इतकं वाईट वाटलं की त्यांनी स्वतः अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो टेक. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लॅटेक रचलं. समीकरण साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठलीही कंपनी बंद पडली तरी ते वाचता येतं. तुमच्यावर आज जी वेळ आली तशी पुन्हा येणार नाही.

पण चारशे फायली आणि सुट्टीचे बारा दिवस असताना ताईंना लॅटेक शिका म्हणणं बरोबर नाही, हेही कळतं. मधला मार्ग आहे. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची जागा उघडते. वरच्या पट्टीत लॅटेक निवडलं की तिथे बॅकस्लॅश, फ्रॅक आणि दोन महिरपी कंसांत अंश आणि छेद लिहायचा, मग ‘प्रोफेशनल’ दाबायचं. अपूर्णांक तयार. लॅटेकच्या सगळ्या आज्ञा वर्डला कळत नाहीत, पण दहावीच्या गणिताला लागतात तेवढ्या नक्की कळतात. याने हाताला सवय लागते, आणि हीच लिहिण्याची पद्धत पुढे बऱ्याच ठिकाणी चालते. गूगल डॉक्सच्या समीकरणातही बॅकस्लॅश अल्फा लिहून स्पेस दिली की अल्फा उमटतो.

पॅनडॉक नावाचा मोफत प्रोग्रॅम लॅटेकची फाईल थेट वर्डमध्ये नेतो आणि समीकरणं बदलता येण्याजोगी ठेवतो. माझे मार्गदर्शक वर्डमध्येच शेरे लिहितात, त्यामुळे दर आठवड्याला मी हे करतो.

खिळेजुळारी | ४ जून, सकाळी ८:४०

पर्वतीताई, मी सदाशिव पेठेत डीटीपी करतो. वडील छापखान्यात जुळारी होते, म्हणून हे नाव. शिशाच्या खिळ्यांत गणिताचं पान जुळवणं म्हणजे काय ते मी लहानपणी बघितलंय. एका अपूर्णांकासाठी अंशाची ओळ, मध्ये पितळी रूळ, खाली छेदाची ओळ, आणि तिन्ही मिळून शेजारच्या अक्षरांच्या मध्यावर बसवायचं. त्यात घातांक आला की आणखी बारीक खिळे. त्यामुळे समीकरण नीट बसलेलं दिसलं की मला अजून आनंद होतो.

माझं सांगणं एकच आहे. आधी ठरवा, की पान शेवटी कुठे जाणार. प्रश्नपत्रिका तुमच्याच प्रिंटरवर निघणार असेल तर हिंजवडीकर म्हणतात तसं वर्डचं स्वतःचं समीकरण उत्तम. पण पुढे कधी प्रश्नसंचाचं पुस्तक करायचं मनात असेल, आणि अप्पा बळवंत चौकात ज्या पुस्तकांचे गठ्ठे दिसतात तसलं तुमचं पुस्तक कोणी छापणार असेल, तर ते पान इनडिझाइनमध्ये, म्हणजे पुस्तकाची पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये लागेल. वर्डची फाईल इनडिझाइनमध्ये ओढली की मजकूर येतो आणि वर्डची समीकरणं गळून पडतात. माझ्याकडे दर जूनला असं एखादं तरी हस्तलिखित येतं. लेखकाला वाटतं फाईल दिली म्हणजे काम झालं, आणि आम्ही तीनशे समीकरणं पुन्हा करत बसतो. त्यात उण्याचं चिन्ह एका ठिकाणी सुटलं की वर्षभर मुलं चुकीचं उत्तर पाठ करतात.

आमच्या धंद्यात त्यासाठी मॅथटाइप वापरतात. प्रत्येक समीकरण ईपीएस या छपाईच्या फाईलच्या रूपात निघतं आणि पानावर बसतं. डिझाइन सायन्स २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या विरिसने घेतली, तेव्हापासून मॅथटाइप त्यांचं. ते वर्गणीवर मिळतं. तुम्हाला आत्ता विकत घ्यायची गरज नाही. फक्त एवढं करा, की समीकरणाचं कधी नुसतं चित्र करून ठेवू नका. आतला मजकूर जिवंत राहू दे. जिवंत समीकरण कुठेही नेता येतं. चित्र जिथे टाकलं तिथेच राहतं.

अजून एक. वर्डमध्ये ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवलं असेल तर ओळीतल्या जुन्या समीकरणाचं डोकं कापलं जातं. समीकरण खराब झालं असं वाटतं, पण तसं नसतं. अंतर ‘सिंगल’ करा, पूर्ण दिसेल.

शाळेतली_बाई | ४ जून, दुपारी ४:१०

कोथरूडच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. माझ्या अडचणी वरच्यांपेक्षा लहान आहेत, पण रोजच्या आहेत.

मी इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टाइप करते. समीकरणात शिरताना भाषा इंग्रजी करायची विसरले की घोटाळा होतो. बॅकस्लॅशच्या कळीवर ‘ऑ’ची मात्रा आहे. घातांकासाठी शिफ्ट-६ दाबलं तर ‘त्र’ येतो. बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ‘ऋ’ची मात्रा. पहिले सहा महिने मला वाटायचं संगणकच बिघडलाय. विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदलायची, समीकरण लिहायचं, पुन्हा विंडोज की आणि स्पेस. आता बोटं आपोआप तसं करतात.

दुसरी अडचण मराठी शब्दांची. ‘वेग = अंतर / वेळ’ हे मला अंश-छेदाच्या रूपात हवं असतं. वर्ड समीकरणाला कॅम्ब्रिया मॅथ फॉन्ट वापरतं आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मग मात्रा सुटी पडते, ‘वेळ’ वाचता येत नाही. यावर मला सापडलेला उपाय असा : समीकरणातला तो शब्द निवडायचा, वरच्या पट्टीत ‘नॉर्मल टेक्स्ट’ दाबायचं आणि मग मराठी फॉन्ट द्यायचा. माझ्याकडे त्याने काम होतं. लहान वर्गांत १/२, ३/४ मराठी अंकांत लागतात, तेही असंच करते.

पर्वतीपायथा | ५ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुभव लिहिते.

पेनड्राइव्हवर प्रत काढली. वीस फायली डॉक्सएक्स करून रूपांतर केलं. समीकरणं झाली! वर्गसमीकरणं, श्रेढीची सूत्रं, क्रेमरच्या पद्धतीचे निश्चयक, सगळं उघडतंय, बदलता येतंय. पहिलं समीकरण उघडलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. २००६ च्या बॅचसाठी रात्री जागून केलेला पेपर होता तो.

मग लोभ सुटला. म्हटलं, मजकूरही जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांत नेऊ, म्हणजे मुलांच्या मोबाइलवरही वाचता येईल. इंटरनेटवरच्या एका कन्व्हर्टरमध्ये अख्खं पान चिकटवलं. मराठी छान आलं, समीकरणं सगळी गायब. शिवाय ओळीत साधा टाइप केलेला एक्स होता त्याचंही कुठलंतरी मराठी अक्षर झालं. ‘एक्सची किंमत काढा’ मधला एक्सच हरवला. आता समीकरणं वाचवली तर मजकूर अडकतो आणि मजकूर वाचवला तर समीकरणं जातात.

हिंजवडीकर | ५ जून, रात्री ११:४५

ताई, हे का झालं ते सांगतो. उपायही त्यातूनच निघतो.

युनिकोडच्या आधीचे आपले फॉन्ट खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवत होते. संगणकाच्या लेखी तुमचा सगळा मजकूर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच आहे. फॉन्ट दिला म्हणून तो मराठी दिसतो. वेबवरच्या कन्व्हर्टरला फॉन्ट कळत नाही, फक्त अक्षरं पोचतात. म्हणून त्याने खरा इंग्रजी एक्सही मराठी समजून बदलला. आणि त्या चौकटीत फक्त साधा मजकूर जातो, समीकरण हा मजकूर नाही, ते वाटेतच गळतं.

डॉक्सएक्स म्हणजे प्रत्यक्षात एक झिप फाईल असते. तिच्या आत एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेला मजकूर असतो आणि त्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला त्याचा फॉन्ट चिकटवलेला असतो. समीकरणाची पेटी वेगळी असते. म्हणजे ‘ज्या तुकड्याचा फॉन्ट जुना मराठी, तेवढाच बदल, बाकी कशाला हात लावू नको’ असं सांगणारा पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम लिहिता येतो. टाइम्स या इंग्रजी फॉन्टमधला एक्स तसाच राहील, समीकरणंही तशीच राहतील.

अट एक : आधी समीकरणं बदलायची, मग अक्षरं. उलट केलंत तर फसाल.

मी शनिवार-रविवारी लिहून देतो. चार नमुना फायली पाठवा, आणि फॉन्टचं नेमकं नाव.

खिळेजुळारी | ६ जून, सकाळी ७:५५

हिंजवडीकर, एक खबरदारी घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं उलट. तो जुन्यात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. हे बहुतेक कन्व्हर्टरना माहीत असतं. पण वर्ड एकाच शब्दाचे मध्येच दोन तुकडे करून ठेवतं. कुठे एखादं अक्षर ठळक केलेलं असतं, कुठे नुसती दुरुस्ती केलेली असते. वेलांटी एका तुकड्यात आणि अक्षर दुसऱ्यात गेलं तर ‘किंमत’चं वाटोळं होईल. गणिताच्या पत्रिकेत हा शब्द प्रत्येक प्रश्नात आहे.

शेजारचे एकाच फॉन्टचे तुकडे आधी जोडून घ्या, मग बदला.

हिंजवडीकर | ६ जून, सकाळी ९:१०

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जोडून घेतो.

स्पर्श_सहा | ६ जून, रात्री ८:३०

धागा पहिल्यापासून वाचते आहे. मी दृष्टिहीन मुलांना शिकवते, आणि जुळारीकाकांनी ‘चित्र करू नका’ म्हटलं त्यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

आमची मुलं एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं मोफत स्क्रीनरीडर सॉफ्टवेअर वापरतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी ते सुरू केलं, ते स्वतः दृष्टिहीन आहेत. पानावर समीकरणाचं चित्र असेल तर मुलाला ऐकू येतं ‘ग्राफिक’. बस, इतकंच. प्रश्न असतो, ‘पुढील समीकरण सोडवा : ग्राफिक’. शेजारच्या मुलाने वाचून दाखवेपर्यंत हा बसून राहतो. गणित येत असूनही.

तेच समीकरण नव्या वर्डमध्ये ऑफिस मॅथच्या रूपात असेल तर मॅथकॅट नावाच्या सॉफ्टवेअरच्या जोडीने एनव्हीडीए ते वाचतं. त्यात शिरून अंश वेगळा, छेद वेगळा, घातांक वेगळा असा एकेक भाग ऐकता येतो. जुनी मॅथटाइपची समीकरणं मात्र त्यासाठी आधी ऑफिस मॅथमध्ये बदलून घ्यावी लागतात. मॅथकॅटमुळेच ते समीकरण ब्रेल डिस्प्लेवर नेमेथ या गणिताच्या ब्रेल लिपीत बोटांखाली येतं. वेबवरही हे होतं, मॅथएमएल या वेबपानावर समीकरण लिहायच्या पद्धतीमुळे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ते १९९८ मध्ये मान्य केलं, फायरफॉक्स ते पूर्वीपासून दाखवतं, क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला पुन्हा घेतलं.

पर्वतीताई, तुम्ही सुट्टीत जे करताय त्याने तुमच्या ४२२ पत्रिका माझ्या मुलांना वाचता येतील. विनंती आहे, की झाल्यावर थोड्या आम्हालाही द्याल का? दहावीच्या बीजगणिताचा एवढा सराव आमच्या मुलांना कधीच मिळत नाही.

पर्वतीपायथा | ६ जून, रात्री ९:०५

स्पर्शताई, थोड्या कशाला, सगळ्या देते. याचा विचार मी २१ वर्षांत केला नव्हता याचं वाईट वाटतंय.

नवा_वाचक | ७ जून, सकाळी ११:२०

एक्सेलमध्ये समीकरण टाकता येतं का? मला गुणांच्या तक्त्याशेजारी सूत्र दाखवायचं आहे.

पाषाण_रात्र | ७ जून, दुपारी १२:००

‘इन्सर्ट’मधून येतं, पण मजकूर-चौकटीत, घरावर तरंगत. ते फक्त दाखवण्यापुरतं, गणना करत नाही. हिशेबासाठी घरात वेगळं सूत्र लिहावंच लागतं.

पाषाण_रात्र | ७ जून, दुपारी १२:४०

ताईंच्या पहिल्या प्रश्नातली बाकीची सॉफ्टवेअरं राहूनच गेली, ती लिहितो.

पॉवरपॉइंटमध्ये आधी मजकूर-चौकटीच्या आत क्लिक करा आणि मग वर्डमधलं समीकरण चिकटवा. आत चिकटवलं तर ते जिवंत राहतं आणि चौकटीच्या अक्षरांबरोबर लहानमोठं होतं. पॉवरपॉइंटमध्ये ही सोय २०१० च्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे वर्गातला संगणक त्याहून जुना नाही ना ते बघा.

ड्राइव्हवर फाईल डॉक्सएक्सच राहू द्या, गूगल डॉक्समध्ये रूपांतर करू नका. डॉक्सचं स्वतःचं समीकरण साध्या कामाला बरं आहे, पण त्यात सारणीचा साचा नाही, तुमचे निश्चयक तिथे लिहिता येणार नाहीत. सहकाऱ्यांनी फाईल उतरवून वर्डमध्ये उघडावी. त्यांच्याकडे वर्ड नसेल तर लिबरऑफिस मोफत आहे, ते डॉक्सएक्समधली समीकरणं उघडतं आणि परत तशीच साठवतं. तिथे समीकरण शब्दांत लिहितात : महिरपी कंसात अंश, मग ‘ओव्हर’, मग छेद. लिबरऑफिसच्या रायटरमध्ये एफ आणि एन लिहून एफ-३ दाबलं तर क्रमांकासह समीकरणाची ओळ तयार मिळते. वर्डमध्ये तेच हवं तर समीकरणाच्या शेवटी हॅश, कंसात क्रमांक आणि एंटर.

व्हॉट्सअ‍ॅपला पीडीएफ. गूगल फॉर्ममध्ये मात्र समीकरण लिहायची जागाच नाही, तिथे चित्राशिवाय इलाज नाही. वर्ड २०० टक्के मोठं करून विंडोज-शिफ्ट-एस ने कापा, म्हणजे मोबाइलवर फुटत नाही. स्पर्शताईंच्या मुलांसाठी फॉर्मऐवजी वर्डची फाईलच द्या.

झेरॉक्सच्या दुकानात छापायला देतानाही वर्डची फाईल देऊ नका. तिथे फॉन्ट नसतो आणि पुन्हा चौकोन येतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच असतात.

शाळेतली_बाई | ७ जून, संध्याकाळी ६:१५

झेरॉक्सच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. घटक चाचणीच्या सकाळी सात वाजता हे कळलं होतं मला. चाळीस मुलांचा पेपर फळ्यावर लिहून काढला.

हिंजवडीकर | ८ जून, रात्री १०:३०

प्रोग्रॅम झाला. काकांच्या सूचनेप्रमाणे शेजारचे तुकडे जोडतो, फॉन्ट बघतो, मगच बदलतो. ताईंच्या चार फायलींवर चालवला. एक्स जागेवर, समीकरणं जागेवर, ‘किंमत’ बरोबर. एका फायलीत बदल न झालेले शब्द निघाले. तिथे फॉन्टचं नाव त्या तुकड्यावर नव्हतं, परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये होतं. तेही आता बघतो.

तपासण्यासाठी प्रत्येक फाईलमागे एक ओळ छापतो : आधी किती समीकरणं, नंतर किती. आकडा जुळला नाही तर ती फाईल बाजूच्या फोल्डरमध्ये जाते.

पर्वतीपायथा | १३ जून, रात्री ११:१०

पाच दिवस गप्प होते कारण कामात होते. ४२२ पैकी ४०३ फायली झाल्या. समीकरणांचे आकडे जुळले. तरी मी छापील जुन्या कागदांशी डोळ्यांनी ताडून बघतेय, रोज तीसेक. जुळारीकाकांचं उण्याचं चिन्ह डोक्यातून जात नाही. त्या ताडण्यात २०११ च्या एका पत्रिकेत माझीच मूळची चूक सापडली, त्रिकोणमितीच्या नित्यसमानतेत एक वर्ग राहिला होता. चौदा वर्षांनी दुरुस्त केला. त्या वर्षीची एक विद्यार्थिनी आता इथेच आमच्या गल्लीत राहते, तिला उद्या सांगणार आहे.

आठ फायली जुन्या संगणकातूनच अर्धवट आलेल्या, उघडतच नाहीत. त्या गेल्या असं धरून चालते.

उरल्या ११. यांत समीकरणाच्या आतच मराठी शब्द आहेत : ‘एकूण पृष्ठफळ’, ‘वक्रपृष्ठफळ’, अंशात आणि छेदात. तेव्हा मी जुना फॉन्ट एडिटरच्या आत लावून ते लिहिले होते. रूपांतरानंतर तिथे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि प्रोग्रॅम समीकरणाला हात लावत नाही, ते बरोबरच आहे. बाईंच्या ‘नॉर्मल टेक्स्ट’च्या युक्तीने हाताने लिहून बघितलं, चाललं. साधारण नव्वद समीकरणं आहेत.

स्पर्शताई, पहिल्या शंभर पत्रिका उद्या ड्राइव्हवर टाकते. मुलांना वाचताना कुठे अडतंय ते कळवा.

स्पर्श_सहा | १५ जून, संध्याकाळी ५:५०

आज एका मुलाने तुमची २००६ ची पत्रिका उघडली. पहिल्या प्रश्नाच्या समीकरणात शिरला, अंश ऐकला, छेद ऐकला, परत अंशावर गेला. चौथ्या प्रश्नाला थांबून म्हणाला, ‘बाई, इथे उत्तर पूर्णांकात येत नाहीये, बरोबर आहे ना?’

बरोबर आहे ना, ताई? उत्तरसूची पाठवाल का?

पर्वतीपायथा | १५ जून, संध्याकाळी ६:२०

बरोबर आहे. उत्तर दोन तृतीयांश. उत्तरसूची त्या अकरा फायलींमध्ये अडकली आहे, आज रात्री तीच आधी करते.